बोटीच्या इंजिनाला खाऱ्या पाण्यापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा आला कुठून? त्यामागं आहे हंफ्री डेव्ही

मालवण, तारकर्ली, मुरुड, हर्णै. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर जा, फायबरच्या होड्या दिसणारच. कुणी त्यातून मासेमारी करतं, कुणी पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतं. यातल्या बऱ्याच होड्यांच्या मागच्या फळीला एक मोटर लटकवलेली असते. वर झाकलेलं इंजिन, मध्ये लांब पाय आणि खाली पंखा. हीच ती आउटबोर्ड मोटर.

होडी किनाऱ्याला लागली की ही मोटर तिरकी करून पाण्याबाहेर काढून ठेवतात. तेव्हा पंख्याच्या आजूबाजूला जरा निरखून बघा. राखाडी रंगाचा, ओबडधोबड, खड्डे पडलेला एक धातूचा तुकडा बोल्टनं बसवलेला दिसेल. बाकी मोटर रंगवलेली आणि हा एकटाच बिनरंगाचा, उंदरानं कुरतडल्यासारखा.

बघणाऱ्याला वाटतं, मोटर सडायला लागली. पण विषय उलटा आहे. तो तुकडा कुरतडला जातोय म्हणून मोटर शाबूत आहे.

तो तुकडा असतो जस्ताचा, म्हणजे झिंकचा. काही मोटरींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. मोटरीच्या वाट्याचा मार आपण खायचा आणि संपून जायचं, एवढंच त्याचं काम. ही आयडिया आजकालची नाही. तिला २०० वर्षं होऊन गेलीत. ती काढणारा गडी इंग्लंडचा सगळ्यात गाजलेला शास्त्रज्ञ होता, आणि याच आयडियेपायी भर बाजारात त्याची फजितीही झाली होती.

त्याचं नाव सर हंफ्री डेव्ही.

लाकडावर कोरीव काम करणाऱ्याचा पोरगा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा भाग आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीच्या पोटात कथील आणि तांब्याच्या खाणी. तिथल्या पेन्झन्स गावात १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्रीचा जन्म झाला. पाच भावंडांत हा थोरला. वडील लाकडावर कोरीव काम करायचे.

१७९४ साली वडील वारले आणि मागं कर्ज ठेवून गेले. हंफ्री तेव्हा १५-१६ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी त्याला गावातल्या बोर्लेस नावाच्या डॉक्टरच्या हाताखाली शिकायला ठेवलं. औषधं कुटायची, मिसळायची, बाटल्या भरायच्या असं ते काम. पोरगा पुढं डॉक्टर होईल आणि घर सांभाळेल एवढीच घरच्यांची अपेक्षा होती.

पण औषधांच्या त्या खोलीत पोराला रसायनांचा नाद लागला. लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचं पुस्तक त्यानं फ्रेंचमधून वाचून काढलं आणि हाताला लागतील ती भांडी घेऊन प्रयोग सुरू केले. कॉलेज नाही, डिग्री नाही. गावाबाहेरच्या काही जाणकारांच्या नजरेत हा पोरगा भरला आणि १७९८ साली त्याला ब्रिस्टलला बोलावणं आलं.

तिथं थॉमस बेडोज नावाचे डॉक्टर वेगवेगळे वायू हुंगायला देऊन रोग बरे होतात का, हे तपासणारी एक संस्था काढत होते. वायू बनवायचे आणि तपासायचे, हे काम १९ वर्षांच्या डेव्हीकडं आलं.

आता वायू तपासायचे म्हणजे काय, तर गडी स्वतःच हुंगायचा.

नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण लाफिंग गॅस म्हणतो, तो त्यानं स्वतःवर कितीतरी वेळा वापरून बघितला. कवी कोलरिज आणि साउदी हे त्याचे दोस्त, त्यांनाही हुंगायला दिला. कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू ओढताना तर तो मरता मरता वाचला. १८०० साली त्यानं या सगळ्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलं. या वायूनं वेदना कमी होतात, तेव्हा ऑपरेशनच्या वेळी याचा उपयोग होऊ शकेल, असं त्यानं त्यात नोंदवून ठेवलं.

कुणी लक्षच दिलं नाही. पुढची ४४ वर्षं माणसं शुद्धीत असतानाच दात उपटले जात होते आणि हातपाय कापले जात होते.

मिठाचे दोन्ही घटक याच्याच हातचे

१८०१ साली डेव्ही लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. दिसायला देखणा, बोलायला फर्डा, त्यात भाषण करता करता समोर स्फोट, ठिणग्या आणि रंगीत धूर. लंडनच्या बड्या घरच्या माणसांनी त्याच्या व्याख्यानांना गर्दी करायला सुरुवात केली. घोडागाड्यांनी रस्ता तुंबायला लागला म्हणून तो रस्ता एकेरी करावा लागला, लंडनमधला हा पहिला वन-वे, असं आजही सांगतात.

त्याच सुमारास इटलीच्या व्होल्टानं बॅटरी शोधून काढली होती. दोन वेगळे धातू, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा चकत्यांची चळत लावली की वीज वाहते. डेव्हीनं हे साधन उचललं आणि उलटा विचार केला. रसायनांतून वीज निघते, तर मग विजेनं रसायन फोडता येईल का?

१८०७ साली त्यानं वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि चकाकणारे धातूचे थेंब बाहेर आले. ते होतं पोटॅशियम. आनंदानं तो प्रयोगशाळेत नाचत सुटला, असं त्याच्या मदतनीस चुलत भावानं सांगून ठेवलंय. काही दिवसांतच त्यानं कॉस्टिक सोड्यातून सोडियम वेगळं केलं. १८०८ मध्ये कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि मॅग्नेशियम. एकाच माणसाच्या नावावर इतकी मूलद्रव्यं क्वचितच असतील.

१८१० मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट केली. एक हिरवट पिवळा, घशाला झोंबणारा वायू आधीपासून माहीत होता. पण तो संयुग आहे, असंच सगळे समजत होते. डेव्हीनं दाखवून दिलं की हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे आणि त्याला नाव दिलं क्लोरीन.

आता आपल्या किनाऱ्यावर परत या. समुद्राच्या पाण्यातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. सोडियम वेगळं काढलं डेव्हीनं आणि क्लोरीनला नाव दिलं डेव्हीनं. ज्या ॲल्युमिनियमपासून आउटबोर्ड मोटरीचं बाहेरचं अंग बनतं, त्या धातूला नावही आधी यानंच सुचवलं होतं. तो धातू मात्र त्याला वेगळा करता आला नाही.

थोडक्यात काय, तर मोटर, मीठ आणि त्यावरचा इलाज, तिन्हीकडं या एका माणसाचा हात लागलेला आहे.

खाणीतला दिवा आणि फॅरेडे

१८१२ साली डेव्हीला सर ही पदवी मिळाली आणि तीन दिवसांनी त्यानं जेन ॲप्रीस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. त्याच वर्षी प्रयोगात स्फोट होऊन त्याच्या डोळ्याला इजा झाली. लिहायला, टिपणं काढायला कुणीतरी हवं होतं. बुकबायंडरकडं काम करणारा एक गरीब पोरगा त्याच्या व्याख्यानांची वही शिवून त्याला भेटायला आला होता. १८१३ मध्ये डेव्हीनं त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

तो पोरगा म्हणजे मायकेल फॅरेडे. पुढं विजेची मोटर आणि जनरेटर ज्याच्या शोधांवर उभे राहिले तो.

१८१२ मध्येच इंग्लंडच्या फेलिंग इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं मेली होती. खाणीत मिथेन वायू साठायचा आणि मजुरांच्या दिव्याच्या ज्योतीनं तो पेटायचा. १८१५ साली डेव्हीकडं हा प्रश्न आला. काही आठवड्यांत त्यानं उत्तर काढलं. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवायची. जाळी उष्णता खेचून घेते आणि आग बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. हाच तो डेव्हीचा सेफ्टी लॅम्प.

याच काळात जॉर्ज स्टीफन्सननंही आपला दिवा बनवला होता, त्यावरून दोघांत मोठा वाद झाला. पण डेव्हीनं पेटंट घेतलं नाही, दिवा सगळ्यांसाठी खुला ठेवला. खाणमालकांनी १८१७ मध्ये त्याला सुमारे २५०० पौंडांची चांदीची भांडी भेट दिली.

१८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. लाकूड कोरणाऱ्याचा पोरगा इंग्लंडच्या विज्ञानाच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसला.

आणि इथंच त्याच्याकडं समुद्राचा प्रश्न आला.

नौदलाची डोकेदुखी

त्या काळी जहाजं लाकडाची. लाकडाला समुद्रात दोन शत्रू. एक म्हणजे लाकूड पोखरणारा किडा आणि दुसरा म्हणजे तळाला चिकटणारं शेवाळ आणि कडक कवचाचे बार्नेकल. किडा जहाज पोकळ करतो आणि बार्नेकल तळ खडबडीत करून जहाजाचा वेग मारतात.

ब्रिटिश नौदलानं यावर उपाय काढला, तळाला तांब्याचा पत्रा ठोकायचा. १७६१ मध्ये अलार्म नावाच्या युद्धनौकेवर पहिल्यांदा हे करून बघितलं. दोन वर्षांनी जहाज वेस्ट इंडिजहून परत आलं तेव्हा पत्रा बरा होता, पण तो जागोजागी सुटून आला होता. कारण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी ठोकला होता, ते खिळेच विरघळून गेले होते.

गंमत म्हणजे काही खिळे अगदी ठणठणीत होते. का? तर पत्रे ज्या कागदात गुंडाळून आले होते, त्याचे तुकडे खिळा आणि तांबं यांच्यामध्ये राहून गेले होते. जिथं कागद, तिथं खिळा वाचला. जिथं लोखंड तांब्याला थेट भिडलं, तिथं लोखंड गेलं.

असं का झालं, हे त्या वेळी कुणाला नीट सांगता आलं नाही. बॅटरीचा शोधच लागायचा होता. नौदलानं लोखंडी खिळे काढून तांब्याच्या मिश्रधातूचे वापरायला सुरुवात केली आणि प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

पण तांब्याचा पत्राही हळूहळू झिजायचाच. काही जहाजांवर तर फार लवकर. साम्राज्याची शेकडो जहाजं आणि प्रत्येकाला टनावारी तांबं, खर्च किती होणार? १८२३ मध्ये नौदलानं रॉयल सोसायटीला विचारलं, हे थांबवता येईल का? अध्यक्षांनी प्रश्न स्वतःकडं घेतला.

वाटाण्याएवढं जस्त

डेव्हीनं विचार केला तो असा.

खारं पाणी आणि त्यात एकमेकांना चिकटलेले दोन वेगळे धातू. ही तर व्होल्टाची बॅटरीच झाली. या बॅटरीत एक धातू इलेक्ट्रॉन देतो आणि विरघळतो, दुसरा मात्र सुरक्षित राहतो, असं आज आपण सांगतो. इलेक्ट्रॉनचा शोध डेव्हीच्या कितीतरी नंतरचा, तरी कोणता धातू मरतो आणि कोणता वाचतो, हे त्याला पक्कं कळलं होतं. तांबं आणि लोखंड एकत्र आले तर लोखंड मरतं. तांबं आणि जस्त एकत्र आले तर जस्त मरतं.

अलार्म जहाजावर लोखंडी खिळे मेले ही सगळ्यांच्या दृष्टीनं कटकट होती. डेव्हीनं त्याची दुसरी बाजू बघितली. खिळे मरत होते तेव्हा तांबं वाचत होतं. मग मुद्दामच एक स्वस्त धातू मरायला ठेवला तर?

त्यानं तांब्याचे पत्रे घेतले, त्यांना जस्ताचे तुकडे जोडले आणि समुद्राच्या पाण्यात ठेवले. वाटाण्याएवढ्या जस्ताच्या तुकड्यानं ४० ते ५० चौरस इंच तांबं सांभाळलं. तुकडा कुठंही लावा, वर, खाली, मध्ये, काही फरक पडत नव्हता. अट एकच, दोन्ही धातू एकमेकांना नीट भिडलेले हवेत. फॅरेडेही या प्रयोगांत त्याच्या मदतीला होता.

२२ जानेवारी १८२४ रोजी डेव्हीनं हे रॉयल सोसायटीत मांडलं. आज ज्याला कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणतात, त्याची सुरुवात इथं झाली. मरायला ठेवलेल्या त्या धातूला आता सॅक्रिफिशियल ॲनोड म्हणतात, म्हणजे बळी जाणारा ॲनोड.

मग पोर्ट्समथ बंदरात भरती-ओहोटीच्या पाण्यात कित्येक आठवडे पत्रे ठेवून मोजमाप झालं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या साधारण चाळिसाव्या ते शंभराव्या हिश्शाएवढं जस्त किंवा बिडाचं लोखंड लावलं, तर तांबं जराही झिजत नव्हतं. बीड स्वस्त, म्हणून जहाजांसाठी बीड ठरलं.

पहिल्या चाचण्यांमधल्या एका जहाजाचं आपल्या देशाशी नातं आहे. समरंग नावाची ही युद्धनौका कोचीनला बांधलेली. तिच्या तळाला बिडाचे तुकडे लावून तिला अटलांटिकपार नोव्हा स्कोशियाला पाठवलं. परत आली तेव्हा तिचं तांबं उत्तम स्थितीत होतं. १८२४ च्या उन्हाळ्यात डेव्ही स्वतः कॉमेट नावाच्या वाफेच्या बोटीतून नॉर्वेपर्यंत जाऊन आला. जहाज वेगात असताना हा उपाय चालतो का, हे त्याला बघायचं होतं.

नौदल खूश. आणखी जहाजांना हे तुकडे लावायचे आदेश निघाले. डेव्हीनं याचंही पेटंट घेतलं नाही.

उपाय चालला, म्हणूनच फसला

काही महिन्यांनी जहाजं परत यायला लागली. तांबं चकचकीत असायला हवं होतं. पण तांबं दिसतच नव्हतं.

तळावर शेवाळाचं रान माजलं होतं आणि त्यावर बार्नेकलचे थर बसले होते. जहाजांचा वेग कमी झाला होता. कप्तानांनी तक्रारी सुरू केल्या.

झालं असं होतं की तांबं थोडं थोडं विरघळतं तेव्हा त्याचे विषारी कण पाण्यात सुटतात. त्या विषामुळंच शेवाळ आणि बार्नेकल तळाला चिकटत नाहीत. म्हणजे ज्या झिजेवर नौदल वैतागलं होतं, तीच झीज जहाजाचा तळ स्वच्छ ठेवत होती. डेव्हीनं झीज शंभर टक्के थांबवली आणि विषही थांबलं. समुद्रातल्या जिवांना राहायला छान जागा मिळाली.

विज्ञान बरोबर होतं. फक्त तांबं तळाला कशासाठी ठोकलंय, हा अर्धा प्रश्न त्या गणितातून निसटला होता.

जुलै १८२५ मध्ये समुद्रात फिरणाऱ्या जहाजांवरचे तुकडे काढून टाकायचा हुकूम निघाला. १८२८ मध्ये सगळा विषयच बंद झाला. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. ज्याच्या व्याख्यानांना लंडन लोटायचं, त्याच्यावर तेच लंडन हसायला लागलं. स्वभावानं मानी असलेल्या डेव्हीला हे फार लागलं.

त्यात एक किस्सा त्याच्या मोठेपणाला न शोभणारा. याच सुमारास फॅरेडेचं नाव रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी पुढं आलं आणि अध्यक्ष डेव्हीनं त्याला विरोध केला. तरीही जानेवारी १८२४ मध्ये फॅरेडे निवडून आला. विरोधात मत पडलं फक्त एक. फॅरेडेनं मात्र डेव्हीबद्दलचा आदर शेवटपर्यंत सोडला नाही.

१८२६ च्या शेवटी डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी आई गेली होती. १८२७ मध्ये त्यानं अध्यक्षपद सोडलं. पुढची दोन वर्षं तो युरोपात नद्यांच्या काठानं फिरत राहिला, गळ टाकून मासे पकडत राहिला. मासेमारी हा त्याचा लहानपणापासूनचा छंद, त्यावर त्यानं एक पुस्तकही लिहिलं. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात तो वारला. वय होतं ५०. तिथंच त्याला पुरलं.

मग तो तुकडा परत कसा आला?

डेव्ही गेल्यावर जहाजं लोखंडाची आणि मग पोलादाची झाली. आता गणित बदललं. पोलाद विरघळल्यानं विष वगैरे काही सुटत नाही. पोलाद झिजलं की निव्वळ नुकसान. म्हणजे डेव्हीचा उपाय आता कुठल्याही तोट्याशिवाय लागू होत होता. शेवाळासाठी वेगळा रंग लावायचा आणि गंजासाठी जस्ताचे तुकडे. पुढं जमिनीखालच्या पाइपलाइन, बंदरांचे खांब, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, घरातल्या गिझरची टाकी, सगळीकडं हेच तत्त्व गेलं.

२० व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आउटबोर्ड मोटर आली. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ च्या सुमारास ती बाजारात आणून लोकप्रिय केली. पुढं वजन कमी करायला तिचं अंग ॲल्युमिनियमचं झालं. आता बघा, ॲल्युमिनियमचं अंग, स्टीलचे बोल्ट, स्टीलचा दांडा, कुठं पितळ, कुठं तांबं आणि खाली अख्खा समुद्र. अलार्म जहाजाचीच गोष्ट, फक्त यावेळी मरणारा धातू ॲल्युमिनियम. त्यावर एरवी ऑक्साइडचं पातळ संरक्षक आवरण असतं, पण मिठातलं क्लोराइड त्याला भोकं पाडतं आणि आत शिरतं. रंगाखाली फोड येतात आणि पांढरी भुकटी सुटते.

म्हणून मोटरीला बळी जाणारा तुकडा लागतो. आणि तो कसा सांभाळायचा, याचे नियम थेट डेव्हीच्या प्रयोगांतून निघतात.

पहिला नियम, तुकड्याला रंग लावायचा नाही. छान दिसावं म्हणून मोटरीबरोबर त्यालाही रंग मारला तर त्याचा पाण्याशी संबंध तुटतो आणि तो नुसता शोभेचा उरतो.

दुसरा, तो मोटरीच्या धातूला नीट भिडलेला हवा. बोल्टखाली गंज किंवा रंगाचा थर असेल तर वीज वाहत नाही. अलार्मवरच्या कागदानं हेच केलं होतं. बसवताना खालची जागा घासून उघडी करायची आणि बोल्ट घट्ट पिळायचा.

तिसरा, तो अर्ध्याच्या आसपास झिजला की बदलायचा. खूप दिवस झाले तरी तो नवाकोरा दिसत असेल, तर खूश होऊ नका. तो काम करत नाहीये आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी झिजतंय.

चौथा, पाणी बघून धातू निवडायचा. समुद्रात जस्त किंवा ॲल्युमिनियम मिश्रधातू. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम मिश्रधातू बरा, कारण तिथं जस्तावर थर जमून ते सुस्त पडतं. धरणाच्या किंवा नदीच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. हो, तेच मॅग्नेशियम जे डेव्हीनं १८०८ मध्ये शोधलं. पण ते समुद्रात वापरलं तर भराभर संपून जातं.

आता तुकडा लावला म्हणजे सगळं झालं, असं नाही. तो फक्त पाण्यात बुडालेल्या भागाला वाचवतो, कारण पाणी नसेल तर बॅटरीच पूर्ण होत नाही. वरच्या इंजिनाला आणि आतल्या नळ्यांना वेगळी काळजी लागते.

आउटबोर्ड मोटर समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड करते. मोटर बंद केली की ते पाणी आत सुकतं आणि मिठाचे खडे राहतात. त्यामुळं किनाऱ्यावर आल्यावर पहिलं काम म्हणजे गोड्या पाण्याचा पाइप लावून मोटर दहा-पंधरा मिनिटं आतून धुणं. मोटर चालू ठेवून धुवायची असेल तर आधी पाणी सोडायचं आणि मग स्टार्टर मारायचा. कोरडी चालवली तर आतल्या पंपाचं रबर जळतं.

मग ग्रीस. पंखा ज्या दांड्यावर बसतो, त्याच्या खाचांना पाण्यात न धुपणारं मरीन ग्रीस अधूनमधून लावायचं. नाहीतर मीठ आणि गंज मिळून पंखा असा जाम करतात की हातोडीनंही निघत नाही. मोटर वळवण्याच्या आणि वर उचलण्याच्या सांध्यांनाही ग्रीस हवंच. खालच्या गिअरचं तेल बदलताना रंग बघायचा. दुधासारखं पांढरट झालं असेल तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं, असं समजायचं. वरच्या इंजिनावर गंजरोधक स्प्रेचा पातळ हात मारायचा आणि काम नसेल तेव्हा मोटर पाण्याबाहेर उचलून ठेवायची.

ग्रीस आणि तेल पाण्याला धातूपर्यंत येऊ देत नाहीत. तरीही जिथं पाणी पोचतंच, तिथं जस्त स्वतः पुढं होतं. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. मासेमारी करणाऱ्या घरासाठी मोटर ही लाखाच्या घरातली वस्तू असते. त्यामानानं त्या तुकड्याची किंमत किरकोळ, पण तो वेळेवर बदलला नाही तर बिल मोटरीवर फाटतं.

आज पेन्झन्स गावात भर रस्त्यात हंफ्री डेव्हीचा पुतळा उभा आहे. १८७२ साली तो बसवला आणि सोबत दाखवला तो खाणीतला दिवा. साहजिक आहे, जिवंतपणी त्याचं नाव झालं ते त्या दिव्यामुळं.

पण तो दिवा आता बहुतेक संग्रहालयांत गेलाय. ज्या जस्ताच्या तुकड्यावर लंडन हसलं, तो मात्र आज जगातल्या प्रत्येक बंदरात रोज पाण्यात उतरतो, थोडा झिजतो आणि कुणाची तरी मोटर दुसऱ्या दिवसासाठी शाबूत ठेवतो.